सहा चाळीसचा खड्डा

सहा अडतीसला तिने चहाचा कप टेबलावरून उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. काल हात लागून चहा कागदांवर सांडला होता. मग खुर्ची पुढे ओढली, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ती संगणकाच्या पडद्याकडे बघत बसली.

हिरवी रेघ सरळ चालली होती. बाहेर गुडघाभर मक्यावर नुकतं उजाडत होतं. वारा नव्हता. पंख्याच्या घरघरीखेरीज खोलीत आवाज नव्हता.

सहा चाळीसला रेघ खाली पडली.

हळूहळू नाही, पायरीवरून पाय घसरावा तशी. बरोबर एकसष्ट किलो. तळाशी ती नऊ मिनिटं सपाट चालली आणि सहा एकोणपन्नासला गेली तशीच वर आली. खिडकीतून शेत दिसत होतं, शेतातली टाकी दिसत होती, टाकीवरची लाकडी फळी दिसत होती. फळीवर कोणी म्हणजे कोणी नव्हतं.

"निघालास?" ती म्हणाली, आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

त्या शेताच्या मधोमध एक लोखंडी टाकी जमिनीत उतरवलेली होती. दोन खाटा शेजारी शेजारी मावतील एवढी. तिच्यात नऊ टन माती, मातीत आजूबाजूला असेल तेच पीक, आणि खाली तळघरात एक अजस्र काटा. नवख्या माणसाला टाकी कुठे संपते नि शेत कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. कागदोपत्री तिचं नाव लायसिमीटर. संशोधन केंद्रावर सगळे टाकीच म्हणत. काटा दिवसरात्र टाकी तोलायचा. वजन जेवढं घटलं तेवढं पाणी पिकाने आणि मातीने हवेला देऊन टाकलं, इतकी साधी गोष्ट. साधी नव्हती ती पुढची: ऊन, वारा, हवेतला ओलावा सगळं धरून कुठल्या दिवशी पिकाला किती पाणी लागेल ते आधीच सांगायचं. ते गणित ती अठरा वर्षं बांधत होती. पुढेमागे त्यावर कालव्याचे दरवाजे उघडायचे होते. केंद्रावर तिला गणितबाई म्हणत.

आणि तिच्या नवऱ्याला घड्याळमास्तर. तो निरीक्षक होता. रोज सकाळी फळीवर चढायचा, टाकीच्या मधल्या तीन झाडांच्या पानांना यंत्राचा चिमटा लावायचा, पान किती पाणी सोडतंय ते टिपायचा आणि उतरायचा. आता फळीवर माणूस चढला की टाकीचं वजन माणसाएवढं वाढणार, आणि रेघ बिघडणार. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात त्याने त्यावर तोडगा काढला होता.

"मी सहा चाळीसला चढणार, सहा एकोणपन्नासला उतरणार. रोज. तू मला वजा कर."

"तीन पानांना सहा मिनिटं लागतात. उरलेली तीन कशाला?"

"श्वास घ्यायला."

तिने त्याला वजा केलं. प्रोग्राममध्ये एक ओळ: पिकाला पुरती पानं आल्यापासून ती पिवळी पडेपर्यंत, रोज सहा चाळीस ते सहा एकोणपन्नास, वजनातून नवरा बाद. शिकाऊ मुलांना दाखवायला लाज वाटावी असा जुगाड. पण अठरा वर्षांत त्याचा रेघेवर ओरखडा उमटला नाही. सुरुवातीला त्या ओळीत पंचावन्नचा आकडा होता, मग अठ्ठावन्न झाला, आणि गेली सहा वर्षं एकसष्टवर थांबला होता. दर हंगामाला ती विचारायची, "वजन?" आणि तो गोदामातल्या धान्याच्या काट्यावर जाऊन यायचा. एकदा त्याने तिलाही ओढत नेलं. तिचंही एकसष्ट भरलं. "चला," तो म्हणाला, "आता मी मेलो तरी तुझी रेघ हलायची नाही. तू उभी राहा."

त्याला जाऊन साडेतीन महिने झाले होते. गव्हाची पानं पिवळी पडली, मोजणी संपली, दुसऱ्या दिवशी तो अंथरुणावर पडला आणि अकरा दिवसांत आटोपला. मग गहू कापला, रान मोकळं राहिलं, मका पेरला. या वेळी पानांना चिमटे कायमचेच बसवले होते. फळीवर कोणी चढायची गरजच उरली नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी मक्याला पुरती पानं आली, आणि त्या सकाळी पहिल्यांदा रेघ खाली पडली. प्रोग्राम ठरलेल्या वेळी माणूस वजा करत होता. त्याला कोणी कळवलं नव्हतं.

पहिल्या दिवशी ती घाबरली होती. दुसऱ्या दिवशी कारण कळलं. तिसऱ्या दिवसापासून ती सहा वाजता येऊन बसायला लागली.

दारावर टकटक झाली. संचालक आत आले. निवृत्तीला वर्ष राहिलेला, आवाज न चढवणारा माणूस.

"बाई, आज तपासनीस येतेय. तेवढा खड्डा काढून टाका ना."

"काढते, सर."

"गेल्या आठवड्यातही काढते म्हणालात."

"एकच ओळ आहे. कधीही निघेल."

ते दाराकडे वळले. मग म्हणाले, "जेवता ना वेळेवर?"

"जेवते की," ती म्हणाली आणि उठताना पट्टा वर ओढला. त्या पट्ट्याला तिने परवाच घरी खिळ्याने एक नवं भोक पाडलं होतं.

तपासनीस दहाला आली. वर्षातून एकदा काटा खरा आहे की नाही हे पाहून दाखला द्यायचा, हे तिचं काम. वय तिशीच्या आतलं, बोलणं नेमकं. या वर्षी दाखल्याला फार महत्त्व होतं. तीन सलग हंगाम एकही दिवस न तुटता मोजले गेले तरच गव्हाचं गणित समितीपुढे जाणार होतं, आणि सोमवारी समिती बसत होती. अठरा वर्षांचं काम एका कागदावर येऊन थांबलं होतं.

तळघराच्या तोंडाशी रंगाने लिहिलेली एक पाटी होती: फळीवर चढणाऱ्याने आपले वजन वहीत लिहावे. तपासनिसाने ती वाचली, मान डोलावली आणि खाली उतरली, मागोमाग संचालक आणि गणितबाई. खाली ओल्या मातीचा वास. टाकीच्या तळातून झिरपलेलं पाणी बाटलीत टपटपत होतं. डोक्यावर नऊ टन माती आहे हे इथे आलं की खांद्यांना कळायचं. पूर्वी सकाळी कधी ती इथे असली तर वरून त्याच्या बुटांचा आवाज यायचा, दोन पावलं, थांबा, दोन पावलं. आताही तिने नकळत वर पाहिलं.

"पेटी?" तपासनीस म्हणाली.

काटा तपासायचा तो ठरावीक लोखंडी वजनांनी: एकेक किलोची वीस आणि अर्ध्या किलोची दोन, लाकडी पेटीत, प्रत्येकाला आपली खोबण. ती एकेक करून टाकीवर ठेवायची आणि काटा काय म्हणतो ते पाहायचं. गणितबाईने किल्ली लावली. तपासनिसाने झाकण उचललं आणि बोटाने मोजायला लागली. मोजून झाल्यावर तिने पुन्हा मोजलं.

"मॅडम, यातली दहा नाहीयेत. एकेक किलोची नऊ आणि अर्ध्याचं एक."

तिघं पेटीत बघत राहिले. रिकाम्या खोबणींत धूळ नव्हती.

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे. आधी मिस्टरांकडे असायची."

"त्यांना विचारता येईल?"

संचालकांनी घसा खाकरला.

"वारले ते," ती म्हणाली.

"सॉरी, मॅडम." तपासनिसाने पेटीचं झाकण लावलं. "पण मला लिहावं लागेल. साडेनऊ किलो पेटीबाहेर कधी गेलं, कुठे होतं, हे कळल्याशिवाय गव्हाचा हंगाम मला मान्य करता येणार नाही. टाकीवर राहून गेलं असेल, तर सगळे आकडे गेले."

"मास्तर तसा माणूस नव्हता," संचालक म्हणाले.

"कसा माणूस नव्हता?" गणितबाईचा आवाज एकदम चढला. तपासनिसाने स्वतःच्या टिपणांकडे नजर वळवली आणि संध्याकाळपर्यंत थांबते म्हणाली.

बारापर्यंत त्यांनी गोदाम पालथं घातलं, तळघराचे कोपरे पाहिले, फळीखालची माती हाताने चाचपली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते असं. वजनं मिळाली नाहीत. दुपारी ती जेवायला म्हणून घरी गेली. घर शेताच्या पलीकडच्या कडेला होतं, केंद्रानेच दिलेलं.

जेवायचं तिच्या मनात नव्हतं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ती पाणी प्यायली. नवरा गेल्यापासून ती या घरात पाहुण्यासारखी वावरत होती. त्याच्या वस्तूंना वळसा घालून. त्याचा चष्मा तसाच, बूट तसेच, आणि दारामागे त्याचं कामाचं जाकीट तसंच. थंडीभर त्याने ते अंगावरून उतरवलं नव्हतं. चार खिसे बाहेर, दोन आत. एकदा त्याच्या भाराने भिंतीतली खुंटीच उपटून आली होती, आणि ती म्हणाली होती, "ओलं जाकीट लटकवलंस ना पुन्हा?" तो हो म्हणाला होता. रविवारी त्याने जाड खिळा ठोकून घेतला.

तिला तो खिळा दिसला. खाली वाकलेला.

ती जाकिटाजवळ गेली, पण हात लावायला तिला वेळ लागला. त्यात अजून त्याचा वास असेल याची भीती होती, आणि नसेल याचीही. मग तिने ते खालून उचललं. जाकीट मूल उचलावं तसं जड लागलं.

पहिल्या खिशात दोन वजनं होती. दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात दोन. आतल्या खिशांत एकेक, आणि छातीवरच्या खिशात अर्ध्या किलोचं. तिने ती जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली. नऊ आणि एक. सगळी स्वच्छ होती, रोज हाताळलेल्या वस्तू असतात तशी. ती खुर्चीवर बसली. तिला काही म्हणजे काही उमगेना. चोरी म्हणावी तर लोखंडाचं कोणी काय करणार? आणि रोज दहा वजनं खिशात घालून माणूस कुठे जातो?

मग तिला पाटी आठवली.

वही तळघरात एका पत्र्याच्या डब्यात असायची. पानांच्या मोजणीचे आकडे तो रोज स्वतःच संगणकात भरायचा, म्हणून वहीकडे बघायची तिला अठरा वर्षांत वेळच आली नव्हती. तिथे जाऊन तिने गव्हाच्या हंगामाचं पहिलं पान उघडलं. तारीख, वेळ, चढणाऱ्याचं वजन, शेरा. त्याचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर.

६१. पानं टवटवीत.

६१. तिसरं पान रुसलंय.

असं महिनाभर. मग एका सकाळी:

६० + १.

शेरा नाही. चार दिवसांनी:

५९ + २. वजनं पेटीतली, खिशात. टाकीवर ठेवत नाही. सोबत नेतो, सोबत आणतो.

तिने पान उलटलं. बोट आपोआप त्या स्तंभावरून खाली जात होतं.

५७ + ४. नवा स्वेटर, ४०० ग्रॅम. धरला आहे.

५५ + ६. रात्री अर्धं ताट ठेवलं. हिला म्हटलं, वजन वाढलं तर तुझं गणित बिघडेल. हसली.

हसली होती. तिला ते ताट आठवलं, तो खुर्ची मागे सारून उठला तेही आठवलं. विनोद जुनाच होता. अठरा वर्षं तो या ना त्या निमित्ताने तोच करत होता.

५३ + ८. डॉक्टरला दाखवलं. बऱ्याच तपासण्या सांगितल्यात. कापणी होऊ दे, मग हिला सांगायचं.

आणि शेवटच्या पानावर:

५१.५ + ९.५. पानं पिवळी. मोजणी संपली.

बाटलीत पाणी टपटपत होतं. तिला आधी राग आला. इतका, की तो समोर असता तर तिने त्याला दोन्ही खांदे धरून हलवलं असतं. मग पेरणीच्या आदल्या दिवशीचं स्वतःचं वाक्य आठवलं. "या हंगामात एकही खाडा नको हं. एक दिवस तुटला तरी पुन्हा पहिल्यापासून." आणि तो म्हणाला होता, "घड्याळ कधी खाडा करतं का?"

इस्पितळातल्या डॉक्टरांनी तेव्हा विचारलं होतं, बरेच महिने चाललं असणार हे. वजन उतरलेलं लक्षात नाही आलं? ती काही बोलायच्या आत तिची धाकटी नणंद बोलली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "वहिनी, पानावरचा थेंब मोजतेस तू. घरातला माणूस वाळत होता, तो नाही दिसला?" त्या दिवसापासून दोघींत बोलणं नव्हतं. नणंदेने नंतर तीनदा फोन केला. हिने उचलला नाही. उचलून सांगणार काय? तो प्रश्न साडेतीन महिने तिच्या मागे घरभर फिरत होता. जेवायला बसली की समोर बसायचा.

आणि तो रोज सकाळी तिच्याच काट्यावर उभा राहत होता. कावळा बसला तरी ज्याला कळतं, त्या काट्यावर. जे अंगातून गेलं ते लोखंडाने भरून, तिची रेघ सरळ ठेवून.

चार वाजता तिने वजनं तपासनिसासमोर ठेवली आणि वही उघडून दिली. तपासनिसाने पहिल्यापासून शेवटपर्यंत बेरजा पडताळल्या. संचालक खिडकीशी उभे होते.

"रोज एकसष्टच होतं," शेवटी ती म्हणाली. "रेघेत चूक नाही, मॅडम. आकडे चोख आहेत." मग तिने पेन खाली ठेवलं. "फक्त एक विचारते, कारण मला लिहायचंय. हे वजन कशासाठी वाढवत होते?"

"वाढवत नव्हते," गणितबाई म्हणाली. "घटलेलं भरून काढत होते."

"कशाचं घटलेलं?"

"स्वतःचं."

तपासनिसाने वहीचं पान पुन्हा एकदा पाहिलं, या वेळी बेरीज न करता. मग कागद पुढे सरकवला. "तुमच्या हाताने लिहून द्याल? दोन ओळी चालतील."

गणितबाईने लिहिलं: गव्हाच्या हंगामात निरीक्षकाचे वजन साडेनऊ किलोने घटले. ही गोष्ट गणिताच्या लक्षात आली नाही. खाली सही केली.

मग वीसच्या वीस वजनं आणि दोन अर्धी टाकीवर चढली आणि उतरली. काट्यात पन्नास ग्रॅमचाही फरक निघाला नाही. तपासनिसाने दाखला लिहिला, पेटीला सील ठोकलं, आणि जाताना दारात थांबून म्हणाली, "इतका खरा काटा मी पहिल्यांदा पाहिला." तपासनिसाला ते कौतुक वाटलं असावं.

"उद्या ती ओळ काढा, बाई," संचालक हलकेच म्हणाले. "आता पुरे."

"काढते."

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली नाही, शेतात गेली. काढायच्या आधी एकदा. रेघ एका दिवसापुरती तरी सरळ जावी, त्याने सांगितलं होतं तशी: आता तू उभी राहा. तिला ते पोरकट वाटत होतं, तरी ती गेली. जाकीट घरी खिळ्यालाच होतं, रिकामं.

सहा चाळीसला ती फळीवर चढली. फळी थोडी लवली आणि थांबली. दोन पावलं, थांबा, दोन पावलं. त्याच्या टाचांनी लाकडात दोन उथळ खळगे पाडले होते. तिचे पाय त्यांत आपोआप गेले. चिमट्यांतली पानं स्थिर होती. करायला काहीच नव्हतं, म्हणून तिने मान वर केली.

समोर तिच्या स्वयंपाकघराची खिडकी होती.

मका गुडघ्याएवढाच होता, मध्ये काही आडवं येत नव्हतं. ओटा दिसत होता, शेगडी दिसत होती. तो सात वाजता घरी यायचा आणि दारातूनच म्हणायचा, "आज दूध उतू घातलंस वाटतं." तिला वाटायचं, वासाने कळतं. अठरा वर्षं ती त्या ओट्यापाशी सहा चाळीसला उभी असायची, केस विस्कटलेले, कधी स्वतःशीच गाणं पुटपुटत. उरलेली तीन मिनिटं कुठे जात होती ते तिला आता दिसलं. तिने डोळे पुसले नाहीत. नऊ मिनिटं हलायचं नसतं. आत्ता त्या खिडकीत कोणी नव्हतं. तरी ती बघत राहिली, आणि एकदा तिला वाटलं की आतूनही कोणीतरी इकडे बघत आहे, ही अजून उतरत कशी नाही म्हणून.

सहा एकोणपन्नासला ती उतरली.

कचेरीत येऊन तिने पडदा सुरू केला. रेघ सरळ असायला हवी होती. रेघ सरळ नव्हती. सहा चाळीसला ती खाली गेली होती, पूर्ण नाही, थोडीशी. नऊ मिनिटांचा एक उथळ, सपाट खड्डा.

सहा किलो.

तिचं डोकं सवयीने कामाला लागलं. फळी नीट टेकली नसेल. दव उडालं असेल. काटा सरकला असेल. आणि तिथेच ते थांबलं, कारण कालचा दाखला टेबलावर होता. पन्नास ग्रॅमचाही फरक नाही.

ती पुन्हा तळघरात गेली. डब्यातून वही काढली, नवं पान घेतलं, तारीख आणि वेळ लिहिली. वजनाच्या स्तंभात ५५ लिहिलं. पुढे अधिकचं चिन्ह काढायला पेन टेकलं होतं, ते तिने उचललं. बाजूला पेटी सील लावून ठेवलेली होती. तिने पट्ट्याच्या नव्या भोकावरून अंगठा फिरवला.

वर येऊन तिने प्रोग्राममधली ती ओळ पुसली. त्यासरशी गेल्या तीन आठवड्यांतले सगळे खड्डे भरून रेघ सरळ झाली. त्या तीन आठवड्यांत फळीवर कोणीच नव्हतं. फक्त आजच्या जागी एक उंचवटा आला, पंचावन्न किलोचा. आज तिथे कोणीतरी उभं होतं.

तिने फोन घेतला. दुसऱ्याच घंटेला नणंदेने उचलला.

"वहिनी?" आवाज घाबरलेला. "काय झालं? इतक्या सकाळी?"

"माझं वजन सहा किलोने उतरलंय."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कधीपासून?"

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "आज कळलं. म्हणून आजच सांगतेय."